एक डाव आणि चारशे नऊ धावा : हरणाऱ्या संघाच्या माणसांविषयी

मागे मंडळाच्या बैठकीत होळकर क्रिकेट संघावर मी एक टिपण वाचलं होतं. नंतर चहाच्या वेळी एका तरुण सभासदाने मला गाठलं आणि विचारलं, "काका, बाकी सगळं ठीक आहे. पण तुम्ही सांगितलेल्या दहा फायनलींपैकी सहा तर आपण हरलोय. मग लोक बघायला जायचे तरी कशाला?"

मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र प्रश्न डोक्यातून जाईना. एक तर आकडा बरोबर होता, आणि मी स्वतः तो कधी तशा नजरेने पाहिला नव्हता. दुसरं म्हणजे हा प्रश्न मला आमच्या घरातच, माझ्या वडिलांना विचारायला हवा होता. मी तो विचारला नाही. उलट एकदा त्यांची थट्टा केली. त्याबद्दल पुढे लिहीन.

मी इंजिनियर माणूस. तीस वर्षं पिथमपूरच्या कारखान्यांत काढली, इतिहासाकडे उशिरा वळलो, तोही कुणाकडे रीतसर न शिकता. त्यामुळे माझी सवय आधी आकडे मांडायची. ते मांडतो.

होळकरांचा संघ रणजी स्पर्धेत १९४१-४२ पासून १९५४-५५ पर्यंत खेळला. त्यातल्या शेवटच्या अकरा हंगामांत तो दहा वेळा अंतिम सामन्यात पोचला. फक्त १९४८-४९ चा हंगाम सुटला. चार वेळा करंडक इंदूरला आला : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. ही चार सालं इंदूरच्या जुन्या लोकांना तोंडपाठ असतात. उरलेली सहा कुणी म्हणून दाखवत नाही, म्हणून मी लिहितो. १९४४-४५ : मुंबईकडून ३७४ धावांनी. १९४६-४७ : बडोद्याकडून एक डाव आणि ४०९ धावांनी. १९४९-५० : पुन्हा बडोदा, चार गडी राखून. १९५१-५२ : मुंबईकडून ५३१ धावांनी. १९५३-५४ : मुंबईकडूनच आठ गडी राखून, इथे इंदुरात, आपल्या मैदानावर. १९५४-५५ : मद्रासकडून ४६ धावांनी, तोही सामना इंदुरातच, आणि होळकर या नावाने खेळलेला तो शेवटचा.

५३१ धावांनी किंवा एक डाव चारशे नऊ धावांनी हरणं म्हणजे थोडक्यात हुकणं नव्हे. त्याला आपल्याकडे धूळधाण म्हणतात. ज्याला आपण होळकरांचा सुवर्णकाळ म्हणतो, त्यात अशी धूळधाण तीनदा झालेली आहे.

त्यातल्या बडोद्याच्या सामन्यावर थोडं थांबतो, कारण त्याची नोंद माझ्याकडे घरची आहे.

मार्च १९४७. आदल्याच वर्षी इंदूरला होळकरांनी बडोद्याला ५६ धावांनी हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला होता. त्याच हंगामात म्हैसूरविरुद्ध उपांत्य सामन्यात आठ बाद ९१२ धावा करून डाव सोडला होता आणि त्या एका डावात सहा जणांनी शतकं ठोकली होती : भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंग. असा संघ बडोद्याला करंडक राखायला गेला. माझे आजोबा होळकर स्टेटच्या हिशेब खात्यात कारकून होते. त्यांनी रजा काढली, रतलामला गाडी बदलली आणि बडोद्याला बहिणीच्या घरी उतरले. इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांत सोयरिकी फार. तेव्हा तर जास्तच. म्हणजे सामना गायकवाड आणि होळकर यांचा होता तसाच तो आजोबा आणि त्यांचे मेहुणे यांचाही होता.

होळकरांचा पहिला डाव २०२ धावांत आटोपला. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांवर बाद झाले. इथपर्यंत सामना जिवंत होता. मग विजय हजारे आणि गुल महंमद एकत्र आले, आणि चौथा गडी बाद झाला तेव्हा फलकावर ६६८ लागले होते. ५७७ धावांची भागीदारी, ५३३ मिनिटं. मिनिटाला एकाहून जास्त धाव. गुल महंमद ३१९, हजारे २८८. कुठल्याही विकेटसाठीचा हा जागतिक विक्रम जवळजवळ साठ वर्षं टिकला. २००६ साली कोलंबोत संगकारा आणि जयवर्धने यांनी तो मोडला. बडोद्याने ७८४ केल्या. होळकर दुसऱ्यांदा १७३ वर आटोपले.

जवळजवळ नऊ तास आपल्या माणसांना चेंडूमागे धावताना बघणं ही काय गोष्ट आहे याचा विचार करा. कर्णधार कर्नल सी. के. नायडूंनी पन्नाशी ओलांडलेली होती. आजोबा दुसऱ्या दिवशी परत फिरू शकले असते. त्यांच्या वहीत त्या आठवड्याच्या नोंदी आहेत, बहुतेक पेन्सिलीच्या. एके ठिकाणी लिहिलंय : "जेवण उत्तम. थट्टा पुष्कळ. ग्राउंडवर जाणे जिवावर आले. गेलो." बस्स, एवढंच. पुढच्या पानावर धावसंख्या, दर तासाची.

आता गंमत पाहा. याच वहीत १९४५-४६ च्या विजयाची नोंद चार ओळींची आहे. पराभवाला मात्र साडेतीन पानं. मला आधी वाटलं की प्रवासात वेळ मोकळा असेल म्हणून जास्त लिहिलं. पण १९५२ च्या ५३१ धावांच्या पराभवालाही दोन पानं आहेत, आणि त्या वेळी आजोबा इंदुरातच होते, वर्तमानपत्रातून उतरवून घेत होते.

मैदान सोडून जाणं शक्य असतं, आणि खुद्द खेळाडूंनीही ते केलेलं आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला महाराष्ट्राचा भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होता. हे तेच निंबाळकर, जे होळकरांकडून वर्षानुवर्षं खेळले. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता. महाराष्ट्राच्या चार बाद ८२६ झाल्या होत्या. काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळायला नकार दिला आणि संघ सामना सोडून निघून गेला. विक्रमाच्या पुस्तकात आपलं नाव पडू नये म्हणून. मला त्यांचा राग येत नाही. विक्रम ज्याच्याविरुद्ध होतो त्याचं दुःख मी घरच्या वहीत वाचलंय. पण होळकर बडोद्यात शेवटच्या गड्यापर्यंत उभे राहिले आणि आमचे आजोबाही.

आता प्रश्नाकडे. माणसं टिकतात का?

मानसशास्त्रवाल्यांनी आधी उलट गोष्ट सिद्ध केली : माणसं सहसा टिकत नाहीत. १९७६ साली अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी सात विद्यापीठांत सोमवारी वर्गात कोण काय घालून येतं ते मोजलं. शनिवारी कॉलेजचा फुटबॉल संघ जिंकला असेल तर सोमवारी कॉलेजच्या नावाचे सदरे जास्त दिसायचे. मग त्यांनी विद्यार्थ्यांना फोन करून सामन्याबद्दल विचारलं. जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना पोरं "आम्ही" म्हणायची, हरलेल्याबद्दल "ते". आणि ज्यांना त्याआधी एका छोट्या चाचणीत तू नापास झालास असं सांगितलं होतं, त्यांच्यात हा फरक जास्त होता. स्वतःची पत घसरली की माणूस दुसऱ्याच्या विजयाचा सदरा चढवतो. पुढे १९८६ मध्ये स्नायडर वगैरे संशोधकांनी याची दुसरी बाजू मांडली : हरणाऱ्यांपासून माणसं अंतर राखतात.

हे वाचलं तेव्हा मला आरसाच दाखवल्यासारखं झालं. माझा जन्म १९६८ चा. आमच्या लहानपणी इंदूरच्या मराठी वस्त्यांत, रामबागेत किंवा लोकमान्य नगरात, बहुतेक पोरांचा संघ कुठला? मुंबई. गावसकर मुंबईचे, वेंगसरकर मुंबईचे, नावं आपल्यासारखी. मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत लागोपाठ पंधरा वेळा रणजी करंडक जिंकलेला. मध्य प्रदेशाचा संघ होता, आमच्या शहरात खेळायचा, आणि हरायचा. होळकर संघ १९५५ नंतर उरला नाही. राज्यं विलीन झाली, नावं बदलली, आधी मध्य भारत, मग मध्य प्रदेश. इंदूरच्या मराठी मुलाला पळून जायला अगदी सभ्य दरवाजा होता. भाषेचं निमित्त करून जिंकणाऱ्याच्या पंगतीत जाऊन बसायचं. मी बसलो.

वडिलांनी कधी अडवलं नाही. एकदाच म्हणाले, "मुंबई चांगलं खेळते. पण ती आपली नव्हे. त्यांना आपण माहीत तरी आहोत का?"

ते ११ वर्षांचे होते तेव्हा मार्च १९४८ मध्ये होळकरांनी इंदूरला मुंबईला नऊ गडी राखून हरवलं. तो सामना त्यांनी आजोबांबरोबर पाहिला. दोन-अडीच महिन्यांत, २८ मे १९४८ ला, होळकर राज्यच मध्य भारतात विलीन झालं. संघ मात्र जुन्या नावाने आणखी सात वर्षं खेळत राहिला. राज्य गेलं आणि राज्याचा संघ उरला, ही इतिहासात विरळा गोष्ट. शेवटचा मद्रासविरुद्धचा सामनाही वडिलांनी पाहिला. तेव्हा ते कॉलेजात होते.

तर टिकणारी माणसं कशाने टिकतात? माझ्या समजुतीप्रमाणे पहिलं कारण अगदी साधं आहे. ते खेळाडू इथे राहत होते. होळकरांनी खेळाडूंना नुसतं मानधन देऊन बोलावलं नाही. त्यांना फौजेत हुद्दे दिले, नोकऱ्या दिल्या, घरं दिली. नायडू कर्नल, जगदाळे मेजर, मुश्ताक अली कॅप्टन. नायडू नागपूरचे, पण त्यांनी देह ठेवला तो इंदुरात, १९६७ मध्ये. मुश्ताक अली तर इथलेच; लहानपणीच नायडूंच्या नजरेत भरलेले. चंदू सरवटे सागरचे, १९४६ मध्ये ओव्हलवर शूट बॅनर्जींबरोबर शेवटच्या विकेटसाठी २४९ धावा करणारे. ते इथेच स्थायिक झाले आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ म्हणून काम करत. तुमच्या गल्लीतल्या ओटल्यावरून ज्याला नमस्कार घातलाय, तो हरला म्हणून त्याची ओळख कशी विसरणार? शेजाऱ्याची नोकरी गेली तर आपण नवा शेजारी शोधत नाही.

पण हे कारण १९५५ नंतरच्या काळाला पुरत नाही. नायडू, मुश्ताक गेले आणि पुढे चाळीस वर्षं सांगण्यासारखं फार थोडं घडलं, तेव्हाही वडील टिकले. म्हणून दुसरं कारण बघावं लागतं.

१९५९ साली एलियट अॅरन्सन आणि जडसन मिल्स यांनी एक प्रयोग केला. कॉलेजातल्या मुलींना एका चर्चागटात घ्यायचं होतं. काही जणींना प्रवेशासाठी लाज वाटेल असा मजकूर मोठ्याने वाचायला लावला, काही जणींना सौम्य मजकूर दिला, काही जणींना काहीच नाही. मग सगळ्यांना गटाची चर्चा ऐकवली, जी मुद्दाम कंटाळवाणी केलेली होती. जिला प्रवेशाला जास्त त्रास झाला, तिने ती चर्चा जास्त चांगली ठरवली. मोजलेली किंमत फुकट गेली हे मन मान्य करत नाही. आजोबांनी रजा, भाडं आणि मेहुण्यांची थट्टा एवढं खर्चलं होतं. ज्याने नऊ तास उन्हात ५७७ धावा सोसल्या, त्याच्यासाठी तो संघ स्वस्तात सोडण्याजोगा राहिलाच नाही.

हे स्पष्टीकरण बरोबर आहे, पण मला पुरतं आवडत नाही. त्यात माणूस स्वतःला फसवतो एवढंच दिसतं. वहीत मला फसवणूक दिसली नाही. आजोबांनी आकडे कुठेही मऊ केलेले नाहीत, पंचांना दोष नाही, खेळपट्टीला दोष नाही.

मग साडेतीन पानं कशाची आहेत? मी ती पुन्हा वाचली. त्यांत गोष्टी आहेत. विजयाची गोष्ट एका वाक्यात संपते : जिंकलो. पराभवात मात्र काय काय घडलं ते सांगावं लागतं. मार्च १९४५ चा मुंबईविरुद्धचा सामना घ्या. ब्रेबोर्न मैदान. मुंबई ४६२ आणि ७६४, विजय मर्चंट २७८. होळकरांना जिंकायला ८६७ हवेत. असं लक्ष्य समोर असताना कुणी काय करावं? मुश्ताक अलींनी पहिल्या डावात १०९ काढलेले, दुसऱ्यात १३९ काढले. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन लढाईच्या काळात महूच्या छावणीत होता, म्हणून होळकरांकडून खेळत होता. तो २४९ वर नाबाद राहिला. संघ ४९२ वर संपला. एका धनिक व्यापाऱ्याने शतकापुढच्या प्रत्येक धावेला कॉम्प्टनला रोख बक्षीस कबूल केलं होतं आणि सामना संपल्यावर तो भेटेना. तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावं लागलं, अशी चिठ्ठी तेवढी मिळाली, अशी कथा सांगतात. हा किस्सा इंदुरात तीन पिढ्या हसून सांगितला गेलाय. सामना ३७४ धावांनी हरलो हे सांगणारा शेवटी सांगतो, कधी सांगतही नाही.

किंवा १९५१-५२ ची फायनल. ५३१ धावांचा पराभव. पण इंदूरच्या माणसाला त्या सामन्याबद्दल विचारा, तो नायडूंचे दात सांगेल. दत्तू फडकरचा उसळता चेंडू छप्पन्न वर्षांच्या नायडूंच्या तोंडावर बसला, दात पडले; नायडूंनी ते बॅटने बाजूला सारले, उपचार नको म्हणाले, आणि फडकरने गती कमी केली तेव्हा त्याला नेहमीसारखा टाक म्हणून सांगितलं. किस्सा सांगोवांगी थोडाफार वाढला असेलही. पण पाहा, जिंकलेल्या चार सामन्यांपैकी एकाचीही अशी गोष्ट मला घराघरातून ऐकू आलेली नाही.

लोखंडावर तार गुंडाळून वीज सोडली की ते चुंबक होतं. वीज बंद केली तरी थोडं चुंबकत्व मागे राहतं. मऊ लोखंडात कमी, कडक पोलादात पुष्कळ. ते काढायला उलट दिशेने जोर लावावा लागतो. कारखान्यात हे रोजचं आहे. एका संघाभोवती शहराने बारा-पंधरा वर्षं गुंडाळा घातला, मग प्रवाह बंद झाला. काही माणसं मऊ लोखंडाची निघाली, माझ्यासारखी. काही पोलादाची. उपमा ओढूनताणून आहे हे कबूल, पण इंजिनियरला तेवढी सवलत द्या.

तिसरी गोष्ट मला आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाच्या १९७० च्या पुस्तकातून सुचली. त्याचं म्हणणं असं की कुठलीही संस्था घसरू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात : निघून जाणं किंवा तोंड उघडणं. निष्ठा म्हणजे गप्प बसणं नाही. निष्ठा असलेला माणूस निघून जायचं लांबवतो आणि तोवर बोलत राहतो. हे वडिलांना तंतोतंत लागू. बिनीची जोडी चुकीची, हा मुलगा उज्जैनचा आहे म्हणून राहिला, तो भोपाळचा म्हणून आला, असलं ते अखंड बोलायचे. 'नईदुनिया'च्या संपादकांना पत्रं लिहायचे, हिंदीत, वळणदार अक्षरात. आई म्हणायची, एवढा राग येतो तर सोडा ना तो नाद. तेव्हा मलाही तिचंच पटायचं. आता कळतं, ज्याने नाद सोडला त्याला राग येत नाही. मुंबईच्या निवडीवर मी एकही पत्र कधी लिहिलं नाही.

एप्रिल १९९९ मध्ये मध्य प्रदेशाचा संघ पहिल्यांदा रणजीच्या अंतिम सामन्यात पोचला. बंगळूर, चिन्नास्वामी मैदान, समोर कर्नाटक. कर्णधार चंद्रकांत पंडित, मूळ मुंबईकर. पहिल्या डावात मध्य प्रदेशाला ७५ धावांची आघाडी मिळाली. म्हणजे सामना नुसता अनिर्णित ठेवला असता तरी करंडक आपला. शेवटच्या डावात २४७ हवे होते, किंवा दिवस संपेपर्यंत उभं राहणं. विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे संघ १५० वर आटोपला. ९६ धावांनी पराभव.

त्या संध्याकाळी मी पाळीवर होतो. वडिलांचा कारखान्याच्या ऑफिसात फोन आला. असा फोन ते कधी करत नसत, म्हणून मी घाबरून धावत गेलो. ते म्हणाले, "आपण हरलो रे." मी सुटकेने हसलो आणि म्हणालो, "आपण नाही बाबा, तुम्ही हरलात."

ते काही बोलले नाहीत. "बरं, ये मग," म्हणाले आणि फोन ठेवला. घरी गेल्यावरही तो विषय निघाला नाही. त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी क्रिकेटचा विषय काढणं कमी केलं.

चाल्डिनींचा निबंध मी पुष्कळ वर्षांनी वाचला. पण इंग्रजीत त्यांना जे मोजता आलं नसतं, ते मराठीत आपल्याला सहज दिसतं. इंग्रजीत "आम्ही"ला एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन. "आम्ही हरलो" म्हटलं तर ऐकणारा बाहेर राहतो. "आपण हरलो" म्हटलं की तो आत ओढला जातो, त्याला विचारलेलं नसताना. वही मी या दृष्टीने तपासली. आजोबा विजय असो की पराभव, "आपण" लिहितात. बडोद्याच्या पानावर एकदाच "होळकर हरले" असं लिहून खोडलंय आणि वर "आपण" लिहिलंय. वही तर स्वतःसाठी होती. मग ऐकणारा कोण होता? मला वाटतं, घरी परतल्यावर ज्याला सांगायचं होतं तो दहा वर्षांचा मुलगा.

म्हणजे टिकणं ही एकट्याच्या स्वभावाची बाब कमी आणि कुणीतरी आपल्याला त्या "आपण"मध्ये घेतलं होतं याची जास्त आहे, असं माझं मत झालं आहे. घेतलं गेल्यावर सुटताना फक्त संघ सुटत नाही, तो माणूसही सुटतो. वडिलांना मध्य प्रदेश सोडायचा तर बडोद्याहून हरून आलेला बाप सोडावा लागला असता. आणि मी फोनवर जे बोललो ते क्रिकेटविषयी नव्हतंच.

या मताविरुद्ध बोलणारे मंडळात आहेत. आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणतात की हे सगळं संस्थानी मनाचं लक्षण, राजाचा संघ तो आपला संघ. मला ते पटत नाही. राजे गेल्यावरही लोक राहिले. शिवाय मैदानावर होळकरांसाठी ओरडणाऱ्यांत काँग्रेसवाले, प्रजामंडळवाले सगळे होते असं वडील सांगत. पुढे इथल्या नव्या मैदानाला होळकर हे नाव मिळालं तेव्हा वडिलांना आनंद झाला, पण ते म्हणाले, "नाव ठीक आहे, संघ कुठाय?"

जून २०२२. पुन्हा अंतिम सामना, पुन्हा चिन्नास्वामी, आणि समोर ४१ वेळा करंडक जिंकलेली मुंबई. मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक तेच चंद्रकांत पंडित, तेवीस वर्षांनी. वडील ८६ वर्षांचे. डोळ्यांना कमी दिसत होतं, म्हणून मी शेजारी बसून सांगायचो. मुंबई ३७४. मग यश दुबे, शुभम शर्मा आणि आपल्या इंदूरचा रजत पाटीदार, तिघांची शतकं, ५३६. वडील अजिबात खूश दिसत नव्हते. मी म्हणालो, "बाबा, १६२ ची आघाडी आहे." ते म्हणाले, "पंच्याहत्तरचीही होती."

मुंबई दुसऱ्यांदा २६९. आपल्याला १०८ हवे होते. रविवार होता, २६ तारीख. सहा गडी राखून जिंकलो. रस्त्यावर फटाके वाजले, फार नाही. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणालो, "आपण जिंकलो, बाबा." त्यांनी मान हलवली, थोडा वेळ गेला, मग म्हणाले, "तुझी मुंबई हरली की." आणि हसले. मग आजोबांची वही मागितली. ती कपाटातून काढायला मला बराच वेळ लागला.

त्यांनी शेवटच्या कोऱ्या पानांपैकी एकावर हात थरथरत असताना नोंद केली. मथळा "होळकर वि. मुंबई" असा आहे. मुंबईचा पहिला डाव ३७४ ऐवजी ३४७ लिहिला गेलाय. नोंद चार ओळींची आहे.

वहीच्या सगळ्या पानांची छायाचित्रं मी मंडळाच्या कपाटात ठेवली आहेत. अभ्यासासाठी कुणालाही पाहता येतील. १९५३-५४ आणि १९५४-५५ या इंदूरमधल्या दोन्ही पराभवांची पानं त्यात नाहीत, फाटलेली आहेत. तुमच्या घरी त्या सामन्यांचं तिकीट, कात्रण, कुणा आजोबांचं पत्र असं काही असेल तर कृपा करून दाखवा. विजयाची कात्रणं आमच्याकडे भरपूर झाली आहेत.